शिरवाळ्यांना चार हात लागतात

मैत्रिणींनो, रविवारी सकाळी तुमच्या घरी नाश्त्याला काय असतं? पोहे, उपमा, फार तर इडली. पाहुणे असले तर साबुदाण्याची खिचडी. बरोबर ना? आणि ते करायला ओट्याशी कोण उभं असतं, हे मी विचारत नाही. ते उत्तर मला ठाऊक आहे.

आज तुम्हांला मी एका अशा न्याहारीची गोष्ट सांगणार आहे, जी एकटीनं करायची नसतेच मुळी. तिचं नाव शिरवाळे. तुमच्यापैकी ज्या सिंधुदुर्गाकडच्या असतील, त्यांच्या तोंडाला हे नाव वाचूनच पाणी सुटलं असेल. बाकीच्या म्हणतील, हे काय नवीन? नवीन नाही हो, खूप जुनं आहे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे वाफवायचे किंवा उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. खाली पांढऱ्याशुभ्र, मऊसूत शेवयांची भेंडोळी पडतात, ते शिरवाळे. वाटीत नारळाचा रस, त्यात गूळ आणि वेलची. शिरवाळे त्या रसात बुडवायचे आणि खायचे. तळण नाही, फोडणी नाही. तांदूळ, नारळ, गूळ. कोकणातल्या घरात जे असतं, तेवढ्यातच सगळं.

आमच्या घरचा घोडा

माझं माहेर कुडाळजवळच्या एका खेड्यातलं. घरी शिरवाळ्यांचा लाकडी साचा होता. साचा म्हणजे हातात धरायचा नव्हे बरं का! चार पायांवर उभा असलेला, मधोमध पोकळी कोरलेला जाड ओंडका. पोकळीच्या तळाशी भोकं पाडलेली पितळी चकती. वरून त्या पोकळीत बरोबर बसेल असा लाकडी दट्ट्या, आणि दट्ट्याला जोडलेला हातभर लांब दांडा. आम्ही मुलं त्याला घोडाच म्हणायचो.

शिरवाळे करायचे ठरले की सकाळी सगळ्यांना आपापलं काम असायचं. आई चुलीपाशी. ती गोळे शिजवून एकेक बाहेर काढायची. आजी साच्याखाली केळीचं पान धरून बसायची आणि पडणारे शिरवाळे गोल फिरवून पानावर घ्यायची. मोठी बहीण नारळ खवून रस काढायची. आणि दांड्यावर? दांड्यावर बाबा किंवा काका. अंगातला सगळा जोर लावून ते दांडा खाली दाबायचे. आम्हां मुलांना दांड्याच्या टोकाला लोंबकळायची परवानगी असायची, तेवढंच वजन! त्यातून जरा कुणी गप्पांत रमलं, की आजी ओरडायची, "अरे, गोळो निवता हा, बेगीन दाब!"

तिच्या ओरडण्यात सगळं शास्त्र होतं, हे मला फार उशिरा कळलं. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, म्हणून गव्हाच्या शेवया हातानं ओढता येतात, वळता येतात, उन्हात वाळवून वर्षभर ठेवता येतात. तांदळाच्या पिठात तो चिकटपणा नाही. त्याला बांधून ठेवतं ते गरम पाणी आणि वाफ. उष्णतेनं तांदळातला पिष्टमय भाग फुगतो, मऊ होतो आणि एकमेकांना धरून राहतो. पण निवला की तोच घट्ट होत जातो. मग साच्यातून दाबायला दुप्पट जोर लागतो, आणि पडलेले शिरवाळे तुटतात. म्हणजे वेळ थोडा, आणि कामं चार एकाच वेळी. दोघं-तिघं असल्याशिवाय भागतच नाही.

बाबा घरातलं दुसरं कुठलंही काम करीत नसत. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यावा लागे. पण शिरवाळ्यांचा दांडा दाबणं हे पुरुषांचं काम, यात घरात कुणाला काही विशेष वाटत नसे.

डोंबिवलीतला पितळी सोऱ्या

१९८३ साली माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीला आले. दोन खोल्या, सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघं. सासरचे साताऱ्याकडचे. त्यांच्याकडे शिरवाळे हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. आईनं रुखवतात पितळी सोऱ्या दिला होता. म्हणाली, "तिथे मोठा साचा कुठे ठेवशील? यात बारीक शेवेची चकती घालून होतात."

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मोठ्या हौसेनं मी शिरवाळे करायला घेतले. गोळे उकडले, सोऱ्यात भरले आणि दाबायला लागले. दाबते तर काय, हलतच नाही! एक हात सोऱ्याला, एक हात दट्ट्याला, खाली ताट सरकतंय, पातेल्यात बाकीचे गोळे विरघळायला लागलेत, आणि बाहेरून ह्यांचा आवाज, "अगं, अजून किती वेळ? आठ-बाराची गाडी आहे." कसंबसं तीन गोळ्यांचं झालं. चौथा सोऱ्यातच अडकून बसला. मनगट दोन दिवस दुखत होतं.

सासूबाईंनी ताटात पाहिलं आणि म्हणाल्या, "ही पांढरी शेव कसली गं? हिला तिखट-मीठ नाही का?" त्या वाईट बोलल्या नाहीत, हे आता कळतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण तेव्हा मला ते लागलं. सोऱ्या घासून-पुसून माळ्यावर टाकला.

त्यानंतर तेरा वर्षं मी शिरवाळे केले नाहीत. कुणी विचारलं तर सांगायची, वेळ कुठे असतो? आणि ते खोटंही नव्हतं. सकाळचे डबे, मुलांच्या शाळा, पाणी यायची वेळ. पण खरं कारण ते नव्हतं.

शेजारच्या वहिनींचं इडियप्पम

याच काळात आमच्या शेजारी एक केरळी कुटुंब राहायला आलं. एके सकाळी त्या वहिनींनी झाकलेली ताटली पाठवली. उघडून पाहते तर काय, आमचे शिरवाळेच! छोट्या छोट्या गोल चकत्यांसारखे रचलेले, वर ओलं खोबरं, आणि सोबत अंड्याची रस्सेदार भाजी. मी धावत त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, हे इडियप्पम. आमच्याकडे सकाळच्या खाण्याला असतंच.

मग त्यांच्याकडून कळलं, आणि पुढे मी वाचतही गेले, की आपल्या शिरवाळ्यांचं गोत केवढं मोठं आहे! केरळात आणि तमिळनाडूत इडियप्पम. केरळात त्यालाच नूलप्पम असंही म्हणतात. नूल म्हणजे दोरा. कोडगूत नूलपुट्टू, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ओत्तु शाविगे, कोईमतूरकडे संदगै. समुद्रापलीकडे श्रीलंकेत इंदि आप्पा, तिथे ते नारळाच्या दुधाच्या पातळ कालवणाबरोबर आणि खोबऱ्याच्या तिखट चटणीबरोबर खातात. तमिळ लोक पोटापाण्यासाठी मलेशिया-सिंगापूरला गेले, तर सोबत हेही गेलं. तिथे त्याचं नाव पुटु मायम, आणि खातात ते ओलं खोबरं आणि गूळ-साखर घालून, जवळजवळ आपल्यासारखंच. जिथे भात पिकतो आणि नारळ होतो, तिथे तिथे कुणी ना कुणी बाई सकाळी उठून हे करत आली आहे.

मात्र या गोतात दोन घराणी आहेत, ती नीट समजून घ्या. कारण तुम्ही कुठलं करावं, ते त्यावर ठरणार आहे.

पहिलं घराणं: आधी वाफ, मग दाब. आपले शिरवाळे, ओत्तु शाविगे आणि संदगै यांतले. गोळा पूर्ण शिजलेला असतो, म्हणून तो घट्ट असतो. त्याला जोर लागतो, मोठा साचा लागतो, माणसं लागतात. पण साच्यातून पडलं की थेट पानात, पुन्हा शिजवायचं नाही.

दुसरं घराणं: आधी दाब, मग वाफ. हे इडियप्पम. पिठात उकळतं पाणी घालून मऊ उकड मळायची, ती लगेच साच्यातून इडलीच्या ताटल्यांवर पाडायची आणि मग वाफवायची. उकड मऊ असते, म्हणून छोट्या साच्यानं, एका बाईला जमतं.

वहिनींचा हातातला साचा, त्याला त्या सेवनाळी म्हणत, पाहून मी म्हटलं, हे तर मलाही करता येईल. आणि केलंही एक-दोनदा. चांगलं झालं. सगळ्यांनी खाल्लं. पण ते इडियप्पम होतं, शिरवाळे नव्हते. माझं मन त्यात भरेना.

आई आली तेव्हा

१९९६ साली आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेसाठी तिला मी डोंबिवलीला आणलं. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आणि ती पंधरा दिवस माझ्याकडे राहिली. लेकीच्या घरी काही मागू नये, अशा वळणाची ती. चहा हवा का, असं विचारलं तरी म्हणायची, "तुम्ही घेणार असाल तर."

एका संध्याकाळी माझ्या मुलीला ती गोष्ट सांगत होती. तिच्या लहानपणीची, पावसाची, घरच्या शिरवाळ्यांची. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिनं मध्येच विचारलं, "आजी, शिरवाळे म्हणजे काय?"

आई गप्प झाली. डोळ्यांना पट्टी होती, तरी तिनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. एवढंच म्हणाली, "तू करीत नाहीस?"

मैत्रिणींनो, त्या तीन शब्दांना माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वेळ नाही म्हणावं, तर तिनं आयुष्यभर चुलीवर वीस माणसांचं केलं होतं. येत नाही म्हणावं, तर तिनंच शिकवलं होतं. रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून माळ्यावरचा सोऱ्या काढला आणि चिंचेनं घासायला बसले.

सासूबाई उठून बाहेर आल्या. "एवढ्या पहाटे काय गं?" मी सांगितलं. आणि का कोण जाणे, तेरा वर्षांचं मनात साठलेलंही सांगून टाकलं. हात दुखतो, एकटीला दाबवत नाही, पीठ निवतं, म्हणून सोडलं.

त्या माझ्याकडे पाहातच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, मग एकटीनं कशाला करायला गेलीस? शेवया कधी एकटीनं होतात होय? आमच्याकडे चैत्रात शेवया करायच्या म्हणजे अख्खी गल्ली जमायची. एक मळणारी, दोघी वळणाऱ्या, एक वाळत घालणारी. तू कधी हाकच मारली नाहीस, मला कसं कळणार?"

मग त्यांनीच आत हाक मारली, "बाळ्या, ऊठ! सोऱ्या दाबायला ये."

आमचे हे डोळे चोळत आले. जरा कुरकुरलेच, "मी? स्वयंपाकघरात?" सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासूनं मागितलंय. दाब."

मी गोळे काढून देत होते. हे सोऱ्या दाबत होते, कपाळावर घाम आला होता. सासूबाई खाली ताट फिरवत होत्या, आणि त्यांचा हात असा काही चालत होता, जणू जन्मभर शिरवाळेच घेत आल्या! आणि दारात खुर्चीवर, डोळ्यांना पट्टी बांधून बसलेली आई नुसत्या आवाजावरून सांगत होती, "जावईबापू, निवतं हं! लवकर दाबा!"

आईनं त्या सकाळी दोन वाट्या रस मागून घेतला. मागून! त्यानंतर ती दोनच वर्षं होती. मी तिच्यासाठी आणखी काय काय करू शकले नाही, याची यादी मोठी आहे. पण शिरवाळ्यांचं ओझं मनावर राहिलं नाही, ते सासूबाईंमुळे.

साचा लहान झाला, काम एकटीवर आलं

त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करत आले आहे. माझ्या माहेरी बाबा दांडा दाबत, कारण साचाच तसा होता. एकटीच्यानं तो हललाच नसता. साचा स्वयंपाकघरात मावत नसे, ओटीवर असे, सगळ्यांच्या देखत. म्हणून काम सगळ्यांचं होतं.

शहरात आपण साचा लहान केला. हातात मावेल, कपाटात बसेल असा केला. सोयीचं झालं, यात शंका नाही. पण त्याबरोबर घरातली माणसं हळूच बाजूला झाली, आणि काम तेवढं एकटीच्या मनगटावर आलं. हे फक्त शिरवाळ्यांचं नाही. चकल्या घ्या, कुरडया घ्या, पापड घ्या. जे अंगणात दहा जणांत होई, ते ओट्यावर एकटीनं करायचं, आणि नाही जमलं की म्हणायचं, "आजकालच्या बायकांना काही नको असतं."

नको असतं असं नाही हो. हात कमी पडतात. आणि हात घरातच असतात, पण ते वर्तमानपत्र धरून किंवा मोबाईल धरून बसलेले असतात. आपण हाक मारत नाही. मीही तेरा वर्षं मारली नाही. मनातल्या मनात रागावले, सोऱ्या माळ्यावर टाकला, आणि माझ्या मुलीच्या वाट्याचे शिरवाळे मीच बुडवले. त्यात दोष फक्त दुसऱ्यांचा होता, असं म्हणायला आज माझी जीभ रेटत नाही.

असो. आता पदर खोचा. तुमचाही आणि त्यांचाही, म्हणजे त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या! कृती सांगते.

शिरवाळे (चार माणसांसाठी)

साहित्य: तांदळाचं बारीक पीठ २ वाट्या, पाणी २ वाट्या, मीठ चवीपुरतं, खोबरेल किंवा साधं तेल १ चमचा, सोऱ्याला लावायला थोडं वेगळं.

रसासाठी: एक मोठा नारळ, चिरलेला गूळ पाऊण ते एक वाटी, वेलचीपूड अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. आवडत असेल तर चिमूटभर हळद, रंग सुरेख येतो.

पीठ: तांदूळ जुना आणि जाडा घ्यावा. नवा तांदूळ चिकट होतो. कोकणातल्या मैत्रिणींसाठी सांगते, उकडा नको, सुरय हवा. तांदूळ धुऊन, सावलीत कपड्यावर वाळवून दळून आणावा. ते जमत नसेल तर बाजारातलं मोदकाचं पीठही चालतं. पीठ चाळून घेणं मात्र विसरू नका. एखादी कणी राहिली तरी सोऱ्याचं भोक बुजतं.

कृती: पाण्यात मीठ आणि तेल घालून उकळी आणावी. गॅस बारीक करून पीठ वैरावं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळावं, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणावी. गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच झाकून ठेवावं. मग परातीत काढून, हाताला पाणी आणि तेल लावून, गरम असतानाच खूप मळावं. पीठ कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हबका मारावा, गार पाण्याचा नको.

सोऱ्यात बसतील असे लांबट गोळे करावेत. मोदकपात्रात हळदीचं किंवा केळीचं पान घालून त्यावर पंधरा मिनिटं वाफवावेत. जुन्या पद्धतीनं उकळत्या पाण्यात सोडले तरी चालतात. शिजले की वर तरंगतात. एक गोळा मोडून पाहा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं.

आता खरी गंमत. गोळे सगळे एकदम बाहेर काढू नका. एकेक काढायचा, बाकीचे वाफेतच राहू द्यायचे. सोऱ्याला आतून तेल लावून गोळा भरावा. एकानं दाबावं, दुसऱ्यानं खाली तेल लावलेलं ताट किंवा केळीचं पान गोल फिरवत शिरवाळे घ्यावेत. एका वेळी एकाला पुरेल एवढंच भेंडोळं करावं, एकावर एक दाबून रचू नये.

रस: नारळ खवून, वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढावा आणि पंचातून पिळावा. हा दाट रस. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा रस काढावा. दुसऱ्या रसात गूळ विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे गुळातली कचकच जाते. मग त्यात दाट रस, वेलची, मीठ मिसळावं. हा रस गॅसवर ठेवायचा नाही. गुळाबरोबर उकळला तर फाटण्याची भीती असते.

एकटी असाल त्या दिवशी: इडियप्पम

वरीलप्रमाणेच उकड काढावी, पण पाणी पाव वाटी जास्त घ्यावं आणि पीठ आधी कोरडंच दोन-तीन मिनिटं भाजून घ्यावं. रंग बदलू देऊ नये. उकड मऊ, कानाच्या पाळीसारखी हवी. इडलीच्या ताटल्यांना तेल लावून त्यांत चमचाभर ओलं खोबरं पसरावं. उकड सोऱ्यात भरून त्यावर गोल पाडावी आणि आठ ते दहा मिनिटं वाफवावी. हे तिखट कालवणाबरोबर फार छान लागतं. केरळी पद्धतीनं अंड्याचा रस्सा किंवा काळ्या हरभऱ्याची उसळ करा. माझ्या घरी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबरही आवडीनं खातात.

लक्षात ठेवा

शिरवाळे तुटत असतील तर उकड कोरडी आहे किंवा गोळा निवला आहे. एकमेकांना चिकटत असतील तर पाणी जास्त झालं आहे किंवा तांदूळ नवा आहे. दाबताना सोऱ्या जागचा हलत नसेल तर जोर करत बसू नका. गोळा काढून पुन्हा पाच मिनिटं वाफवा.

नवा सोऱ्या घ्यायचा असेल तर फिरकीचा घ्या. वेळ जरा जास्त लागतो, पण मनगटावर ताण कमी येतो. जस्ताचा किंवा पितळेचा जुना असेल तर आतून स्वच्छ आहे ना, ते पाहा. गोळा आणि सोऱ्या दोन्ही चांगलेच पोळतात. सोऱ्या जाड फडक्यानं धरा, आणि लहान मुलांना ताटापाशी बसवा, वाफेपाशी नको.

नारळाचा रस टिकत नाही. लागेल तेवढाच काढा, उरला तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. शिरवाळे उरले तर दुसऱ्या वेळेला वाफ देऊन मोकळे करा आणि मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परता. वरून लिंबू पिळा. मुलांच्या डब्याला उत्तम.

आणि एक महत्त्वाचं. शिरवाळे तळलेले नसतात, म्हणून पोटाला हलके वाटतात. पण ते तांदळाचं बारीक पीठच आहे, आणि सोबत गूळ. गूळ म्हणजे साखर नव्हे, असं समजून घरातल्या मधुमेही माणसांना वाटीभर रस देऊ नका. रक्तातली साखर त्यानंही वाढतेच. त्यांच्यासाठी एकच लहान भेंडोळं आणि बरोबर भरपूर उसळ किंवा अंड्याचा रस्सा. त्यांनाही पंगतीत बसल्याचं समाधान.

येत्या रविवारी

परवा मी मुलाच्या घरी राहायला गेले होते. रविवारी सकाळी जाग आली ती आवाजानं. स्वयंपाकघरात डोकावले, तर सून गोळे काढत होती आणि मुलगा सोऱ्या फिरवत होता. दोघांची वादावादी चालली होती, उकड कुणी जास्त पातळ केली यावरून. मला पाहून सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा. ताट धरायला तेवढं या." मी ताट धरलं. भेंडोळी जरा वाकडीतिकडीच पडत होती. मी काही बोलले नाही. फक्त सवयीनं तोंडातून निघालं, "बेगीन दाब रे, निवता हा!"

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी शिरवाळे करून पाहाच. पीठ आदल्या दिवशी चाळून ठेवा, नारळ आणून ठेवा, सोऱ्या घासून ठेवा. आणि सकाळी उकड मळायला घेण्याआधी एक काम न विसरता करा. बाहेरच्या खोलीत जाऊन, हसतमुखानं पण स्पष्ट शब्दांत सांगा, "अहो, जरा आत या. एकटीनं नाही व्हायचं हे."

कुरकुर होईल. होऊ द्या. गरम शिरवाळा तोंडात गेला की ती आपोआप थांबते, हा माझा अनुभव आहे.